आकाशवाणी-दूरदर्शन: निष्पक्षपणा मिनिटांत मोजायचा की माणसांत?

मध्यमलहरी (धागाकर्ता)

२०२४च्या लोकसभा प्रचारातली एक बातमी बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटली असेल. मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर भाषणासाठी फुकट वेळ मिळतो. माकपचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना त्या भाषणांतले काही शब्द गाळायला सांगण्यात आलं. येचुरींच्या संहितेतून राजवटीला धर्मांध आणि हुकूमशाही म्हणणारे शब्द गेले, कायद्यांना जुलमी म्हणणारा शब्द गेला. देवराजन यांना नागरिकत्व कायद्याबद्दल बोलताना 'मुस्लिम' हा शब्द काढावा लागला. आता त्या कायद्यात हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन अशी नावं घेऊन सवलत लिहिलेली आहे. ज्यांना वगळलं त्यांचं नाव मात्र रेडिओवर घ्यायचं नाही. अधिकाऱ्यांचं उत्तर ठरलेलं: नियम सगळ्यांना सारखेच.

यावर 'सरकारी भोंगा' म्हणून आरडाओरड करता येईल, पण मला त्यात फारसा रस नाही. नियमावली वाचली तर अधिकाऱ्यांनी पदरचं काही घुसडलं असं म्हणणं कठीण जातं. संहिता आधी द्यायची, ती तपासली जाणार. परदेशावर टीका नको, धर्मावर-समाजावर हल्ला नको, राष्ट्रपती आणि न्यायसंस्थेवर शिंतोडे नकोत, कुणाचं नाव घेऊन टीका नको. वेळेचं वाटपही काटेकोर असतं. काही मूळ वेळ सर्व पक्षांना सारखा, त्यावरचा वेळ मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीच्या प्रमाणात. १९७७ पासून ही पद्धत आहे, २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात तिला जागा मिळाली, आता वेळवाटपाची व्हाउचरसुद्धा डिजिटल झालीत. मिनिटांचा हिशेब अगदी चोख, आणि तरीही ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी दाबलं गेलं.

माझं म्हणणं असं की आपण निष्पक्षपणा पक्षांना दिलेल्या मिनिटांत मोजत बसलो. बातमी निवडतो कोण, त्याची बदली कुणाच्या हातात आहे, आणि ज्या खोलीत ती निवडली जाते तिथे कोण कधीच बसलेलं नसतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

इतिहास थोडक्यात सांगतो, बहुतेकांना माहीत आहे. आणीबाणीत लोक 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणत. किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून मे १९७६ पासून त्याची गाणी बंद. जनता सरकारने बी. जी. व्हर्गीज समिती नेमली, तिने १९७८ मध्ये 'आकाश भारती' नावाचा स्वायत्त न्यास सुचवला. ते बारगळलं. १९९० मध्ये आकाशवाणी-दूरदर्शन स्वायत्त महामंडळाकडे देणारा प्रसार भारती कायदा झाला आणि मग सात वर्षं कपाटात पडून राहिला, कारण सरकार कुणाचंही असो, हातातला माइक सोडवत नाही. १९९७ मध्ये एकदाचा लागू झाला.

त्याचं कलम १२ जरूर वाचा. नागरिकाचा खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपायचा, विरोधी मतांसह समतोल मांडणी करायची, स्वतःची विचारसरणी पुढे करायची नाही. त्याच कलमात प्रदेशोप्रदेशीच्या भाषा आणि संस्कृती, ग्रामीण आणि दुर्बल घटक, कामगार, स्त्रिया, अपंग, सगळे आहेत. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात निष्पक्षपणा आणि विविधता ही एकाच कामाची दोन अंगं होती. मग अकरा कलमं पुढे जा. कलम २३ म्हणतं की सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरेसाठी केंद्र सरकार महामंडळाला अमुक प्रसारित करा किंवा करू नका असा आदेश देऊ शकतं.

आदेशाची गरज तरी किती पडते? वृत्तविभागातले वरिष्ठ अधिकारी भारतीय माहिती सेवेतले. आज पत्र सूचना कार्यालयात सरकारची प्रसिद्धिपत्रकं काढायची, उद्या आकाशवाणीत बातम्यांचं संपादन, परवा पुन्हा प्रसिद्धी. माणूस प्रामाणिक असला तरी सवय कुठली लागणार?

तर चर्चेला सुरुवात करा. कृपया 'आता कोण ऐकतं रेडिओ' यावर धागा संपवू नका.

टिळकरोड

आता कोण ऐकतं रेडिओ? :)

बरं, गंभीरपणे. तुम्ही आणीबाणी घेतली, मी त्याही आधीचं घेतो. १९५२ मध्ये आपलेच बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेसंगीत आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. केसकर सोवळे सज्जन, भ्रष्टाचार नाही, कुणा पक्षाचा प्रचार नाही. तरी देशाने काय ऐकावं हे एका माणसाच्या अभिरुचीने ठरवलं. म्हणून म्हणतो, सरकारी पैशावरची वाहिनी निष्पक्ष असूच शकत नाही. बंद करा, पैसे वाचवा. ज्याला जे ऐकायचं ते तो मोबाइलवर ऐकेल.

रानजाई

टिळकरोड, तुमच्या मोबाइलला टॉवर आहे म्हणून. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला आदळलं तेव्हा आमच्या माहेरच्या बाजूला वीज नव्हती, फोन नव्हता, पुढे कित्येक दिवस. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर चालत होता. हे मी स्मरणरंजन म्हणून लिहीत नाहीये. त्या काळात 'निष्पक्ष' म्हणजे काय तर मदत कुठे पोचली आणि कुठे पोचली नाही, हे दोन्ही सांगणं. पोचलेलं सांगितलं जातं, कारण त्याचं प्रसिद्धिपत्रक निघतं. न पोचलेल्याचं पत्रक कोण काढणार?

दुसरं, 'बंद करा' म्हणणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. भारतात खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही. द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा. सामुदायिक रेडिओलाही तेच. माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. तेलंगणात झहीराबादजवळ दलित बायकांनी चालवलेला संगम रेडिओ २००८ पासून आहे. बियाणं, पाणी, बाळंतपण, सगळं बोलतात. ग्रामपंचायतीत काल काय भानगड झाली ही बातमी मात्र स्वतः देऊ शकत नाहीत. दूरसंचार नियामकाने सप्टेंबर २०२३ मध्ये खाजगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी अशी शिफारस केली, तेवढंच. एवढी मक्तेदारी कायद्याने दिलेली असताना 'कोण ऐकतं' हा प्रश्न गैरलागू आहे. दुसरं ऐकायला ठेवलंयच काय?

लेस्टरवाली

छान धागा. बीबीसीचं नाव अजून कसं निघालं नाही याचं आश्चर्य वाटतंय, तेव्हा मीच काढते.

इकडे ब्रिटनमध्ये घरटी लायसन्स फी भरावी लागते, एप्रिल २०२५ मध्ये ती वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झाली. आपल्याकडेही पोस्टात रेडिओचं लायसन्स भरायचे, ते ऐंशीच्या दशकात गेलं. पैसे थेट खिशातून जातात म्हणून इथे प्रत्येक जण स्वतःला बीबीसीचा मालक समजतो. डावे तिला उजवी म्हणतात, उजवे डावी म्हणतात, आणि बीबीसीवाले सांगतात की दोन्हीकडून शिव्या बसतात म्हणजे आम्ही बरोबर मधे आहोत. हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. दोन्ही बाजूंच्या तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मध्यमलहरींच्या मुद्द्याला लागून एक प्रकरण सांगते. जुलै २०१९ मध्ये ट्रम्प यांनी चार महिला खासदारांना उद्देशून, जिथून आलात तिथे परत जा, अशा अर्थाचं ट्वीट केलं. सकाळच्या कार्यक्रमात नागा मुनचेट्टी निवेदक होती, आईवडील भारत आणि मॉरिशसकडचे. सहनिवेदकाने तिला विचारलं. ती म्हणाली की गोरी नसलेली बाई म्हणून मला जेव्हा जेव्हा असं सांगितलं गेलं तेव्हा त्याच्या मुळाशी वंशद्वेषच होता. एका प्रेक्षकाने तक्रार केली आणि सप्टेंबरमध्ये बीबीसीच्या तक्रार विभागाने ती अंशतः मान्य केली. अनुभव सांगितला तो ठीक, पण ट्रम्प यांच्या हेतूबद्दल बोलायला नको होतं म्हणे. मग एवढा गदारोळ झाला की महासंचालक टोनी हॉल यांनी स्वतः तो निर्णय फिरवला.

मला यात रस आहे तो पुढच्या प्रश्नात. 'परत जा' हे ज्याला आयुष्यात कुणी म्हटलंच नाही त्याला त्या वाक्यावर तटस्थ राहणं सोपं जातं, आणि मग त्याच्या तटस्थपणालाच नियम म्हटलं जातं. माझ्या मुलाला शाळेत हे ऐकावं लागलेलं आहे. त्या खोलीत निर्णय घ्यायला मी असते तर मी पक्षपाती ठरले असते का? बहुतेक हो. पण मग तिथे जे होते ते कोणत्या अर्थाने निष्पक्ष होते?

टिळकरोड

म्हणजे बीबीसीचंही काही खरं नाही. माझाच मुद्दा सिद्ध झाला. धन्यवाद.

लेस्टरवाली

नाही झाला :) फरक सांगते. २०२३ मध्ये बीबीसीचा फुटबॉल निवेदक गॅरी लिनेकरला सरकारच्या आश्रयविषयक धोरणावर ट्वीट केलं म्हणून बाजूला केलं, तर सहकाऱ्यांनी कामावर यायला नकार दिला आणि शनिवारचा फुटबॉलचा कार्यक्रम समालोचनाशिवाय दाखवावा लागला. नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीने ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१च्या भाषणाचे दोन वेगळे तुकडे सलग वाटतील असे जोडल्याचं बाहेर आलं, तेव्हा महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तप्रमुख डेबोरा टर्नेस दोघांनी राजीनामे दिले. त्यामागे राजकारण किती होतं यावर इथे अजून भांडणं चालू आहेत. पण चूक झाली, ती कुठली ते सगळ्यांना कळलं, आणि खुर्ची सोडावी लागली. आपल्याकडे आकाशवाणीच्या बातमीवरून असं झालेलं कुणाला आठवतंय का?

आणि बीबीसी जन्मतः पवित्र होती असं मी म्हणत नाही. १९२६च्या सार्वत्रिक संपात तिने विरोधी पक्षनेते रॅम्से मॅकडोनाल्ड यांना माइकसमोर येऊ दिलं नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा

सगळे पक्ष-पक्ष करून राहिले. भाषेचं कोणी बोलतच नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला वरळीहून सुरू झालं. सात वाजताच्या बातम्या, प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, काही काळ स्मिता पाटील. आवाज एकेक सोन्यासारखे, वादच नाही. आमच्या घरी बातम्या लागल्या की आबा आम्हाले गप बसवत. पण त्याच वाहिनीवर 'आमची माती आमची माणसं' लागलं की गावची बोली यायची. खत, फवारणी, हसणं-खिदळणं हे बोलीत, आणि मंत्रिमंडळ, अर्थसंकल्प, युद्ध हे पुण्याच्या मराठीत. लहान पोराच्या डोक्यात काय बसलं असेल? की आपली भाषा शेणामातीसाठी अन् त्यांची भाषा देश चालवायसाठी. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण दहा कोटींहून अधिक लोकांच्या राज्यात बातमीचा एकच एक उच्चार निष्पक्ष कसा?

हाच प्रतिसाद मी पूर्ण वऱ्हाडीत लिहिला असता त तुम्ही आधी हसले असते, मंग वाचला असता.

शुद्धमती

ठेचाभाऊ, हसले नसते. पण मुद्द्याशी असहमत. बातमीला प्रमाणभाषा लागते ती सोयीसाठी. सावंतवाडीच्या माणसाला आणि गोंदियाच्या माणसाला एकच वाक्य एकाच अर्थाने पोचायला हवं. उद्या प्रत्येक जिल्ह्याची बोली बातमीत आणली तर आदिवासी पट्ट्यातल्या माणसाला तुमची वऱ्हाडी तरी कुठे कळणार आहे? सुधा नरवणे पुण्याहून प्रादेशिक बातम्या वाचायच्या त्या राज्यभर लोकांनी ऐकल्या, कारण शब्द न शब्द स्वच्छ होता. तो कसबाचा भाग आहे, जातीचा नाही.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, शब्द स्वच्छ पाहिजे हे मान्य. पण 'स्वच्छ' कोणत्या आळीतला, ते कोण ठरवते?

आदिवासी पट्ट्याचं तुम्हीच काढलं म्हणून विचारतो. आकाशवाणी २३ भाषा आणि १७९ बोलींत कार्यक्रम करते असं अभिमानानं सांगते. त्या १७९ पैकी किती बोलींत बातम्या असतात अन् किती फक्त लोकगीतापुरत्या? कोरकूत गाणं लागते. मेळघाटात पोरं कुपोषणानं मेली हे कोरकूत कोण सांगते?

शुद्धमती

हा प्रश्न मात्र रास्त आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पणजीकर

आमच्याकडे हेच उलट्या बाजूने. पोर्तुगीजांच्या काळात १९४६ मध्ये एमिसोरा द गोवा सुरू झालं, मुक्तीनंतर ते आकाशवाणीचं पणजी केंद्र झालं. तेव्हापासून कोकणीला किती वेळ, मराठीला किती, यावर घड्याळ लावून वाद. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापर कायम राहिला, तरी वाद काही शमला नाही. गंमत म्हणजे या दोघांच्या भांडणात रोमी लिपीतून लिहिणारे, तियात्र ही कोकणी नाटकं करणारे ख्रिस्ती कोकणी लोक म्हणतात की तुम्ही दोघे मिनिटं वाटून घ्या, आम्ही या वाटणीत आहोत तरी कुठे? धागाकर्त्याला हवं असलेलं उदाहरण हेच आहे बहुधा. दोनच बाजू धरून तराजू लावला की तिसऱ्याला पारडंच नसतं.

मराठी_गोंयकार

पणजीकर, 'घड्याळ लावून वाद' हे एकतर्फी आहे. मराठीवर झालेला अन्याय तुम्ही सोयीस्करपणे

[पुढचा मजकूर संपादित. कोकणी-मराठी वादासाठी वेगळा धागा आहे, तिथे भांडा. – संपादक मंडळ]

नवशिका

संपादक मंडळ निष्पक्ष आहे का यावरही धागा हवा. (पळतो.)

कामगारसभा

मी एका केंद्रावर बरीच वर्षं नैमित्तिक निवेदक होतो. केंद्राचं नाव विचारू नका. आतून कसं चालतं ते सांगतो, मग काय ते ठरवा.

'वरून फोन येतो' ही कल्पना बाहेरच्यांना फार आवडते. मी असताना फोन क्वचितच यायचा. बातमीपत्र दहा मिनिटांचं. बातम्या कुठून येतात? वृत्तसंस्था, पत्र सूचना कार्यालय, राज्याचं माहिती खातं, आणि जिल्ह्याजिल्ह्यातले अर्धवेळ वार्ताहर, ज्यांना मिळतं ते पेट्रोललाही पुरत नाही. माहिती खात्याची बातमी टाइप होऊन, आकडे तपासून, दुपारीच टेबलावर हजर. मोर्च्याची बातमी वार्ताहराने फोनवर सांगायची, मग कुणीतरी ती दुसऱ्या बाजूने पडताळायची. हाताशी दोन माणसं आणि वीस मिनिटं असताना कुठली बातमी आत जाईल? पक्षपात असा रोज आळसातून आणि तुटवड्यातून होतो, त्याला कट लागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसार भारतीने पीटीआयऐवजी हिंदुस्थान समाचारशी करार केला त्यावर सगळे तुटून पडले, आणि पडायलाच हवं होतं, कारण ती संस्था संघपरिवाराशी जोडलेली आहे. पण स्वतःचे वार्ताहर पुरेसे असते तर एका वृत्तसंस्थेच्या बदलाने एवढा फरक पडला असता का?

त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघाला होता. ओरड झाली, पुढाऱ्यांनी शब्द टाकला, आदेश थांबला. पुण्याला ओरडता येतं. परभणीचं, रत्नागिरीचं काही कमी झालं तर एवढी ओरड होते का?

आणखी एक. मी नैमित्तिक होतो म्हणजे पुढच्या महिन्याच्या ड्यूट्या मिळतील की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. अशा माणसाकडून तुम्ही ताठ कण्याची अपेक्षा करता. मी स्वतः कुठलंही वाक्य बदललं नाही, पण मला कधी कुणी बदलायला सांगायची वेळच आली नाही, कारण लिहिणाऱ्यालाही पुढच्या महिन्याच्या ड्यूट्या हव्याच होत्या.

रानजाई

हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून यायला हवा.

निळाई

कामगारसभांच्या शेवटच्या परिच्छेदावरून पुढे नेते. इथे एक गोष्ट कुणीच बोललेलं नाही आणि ती थोडी अडचणीची आहे.

१९९६ मध्ये पत्रकार बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत दलित पत्रकार शोधायचा प्रयत्न केला. पत्र सूचना कार्यालयाच्या यादीत ६८६ अधिस्वीकृत पत्रकार होते, त्यांत त्यांना एकही दलित सापडला नाही. ही अवस्था मोठमोठ्या स्वतंत्र, निर्भीड म्हणवणाऱ्या वर्तमानपत्रांची. त्याच काळात आकाशवाणी-दूरदर्शनमध्ये आरक्षणातून आलेले कार्यक्रम अधिकारी, अभियंते, निवेदक काम करत होते. माझे काका त्यांतले एक. म्हणजे ज्या सरकारीपणाला आपण इथे शिव्या घालतोय त्याच सरकारीपणाने आम्हाला त्या इमारतीत शिरू दिलं. खाजगी वाहिनीने कधी दिलं?

म्हणून 'स्वायत्त करा, सरकारचा हात काढा' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. हात काढला की आरक्षणाची बिंदुनामावलीही निघून जाते का? आणि खरं सांगायचं तर ती चोरपावलांनी निघालीच आहे. नियमित भरती अनेक वर्षं रोडावलेली, जागा निवृत्तीने रिकाम्या, आणि काम चालतं कंत्राटी व नैमित्तिक माणसांवर. त्यात कोण कुठल्या प्रवर्गातला हे कोण विचारतं? स्वायत्तता काही मिळाली नाही, आरक्षण मात्र पातळ झालं.

मध्यमलहरी

निळाई, या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा. एक भर घालतो. स्वायत्त झालं म्हणून आरक्षण जात नाही. विद्यापीठं स्वायत्त आहेत आणि तिथे आरक्षण आहे. प्रसार भारती कायद्याने निर्माण झालेली संस्था आहे, तिच्यावर घटनेची बंधनं राहणारच. २००७ पूर्वी लागलेल्या कर्मचाऱ्यांना तर दुरुस्ती करून सरकारी नोकरांचा दर्जा ठेवला गेला. म्हणजे 'बदली मंत्रालयाच्या हातात नको' आणि 'भरतीत आरक्षण हवं' या दोन मागण्या एकत्र करता येतात. आजवर त्या वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या केल्या, म्हणून दोन्हीही पडल्या.

निळाई

कागदावर येतात एकत्र. विद्यापीठातल्या रिकाम्या राखीव जागा मोजून या, मग बोलू.

भालदार

मी संघाचा स्वयंसेवक आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल.

३ ऑक्टोबर २०१४ला सरसंघचालकांचं विजयादशमीचं भाषण दूरदर्शनने थेट दाखवलं म्हणून केवढा गहजब झाला. दूरदर्शन म्हणालं, इतर बातमीमूल्य असलेल्या कार्यक्रमांसारखाच हा एक. देशातल्या एवढ्या मोठ्या संघटनेला त्याआधी दशकानुदशकं दूरदर्शनवर जागा नव्हती, तेव्हा विविधतेची आठवण कुणाला झाली नाही. १९७७ मध्ये दिल्लीतल्या विरोधकांच्या सभेला गर्दी होऊ नये म्हणून दूरदर्शनने लोकप्रिय सिनेमा लावल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आता पारडं फिरलं तर कलम १२ आठवतंय.

निळाई

भालदार, सरळ बोललात ते आवडलं. मग सरळच विचारते. त्याच दिवशी, त्याच नागपुरात, दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. कुठला सोहळा राष्ट्रीय वाहिनीवर थेट घ्यायचा, कुठला सह्याद्रीवर आणि कुठला बातमीतल्या अर्ध्या मिनिटात, हे ठरवणारा निकष लिहून ठेवलेला आहे का? असेल तर दाखवा, मी गप्प बसते. तुमच्या भाषणाला जागा मिळू नये असं माझं म्हणणंच नाही. पूर्वी तुम्हाला मिळत नव्हती तो अन्याय होता, हेही कबूल.

भालदार

लेखी निकष हवा, इथवर सहमत. पण तो निकष लिहिणाऱ्या समितीत कोण असेल यावर आपलं पुन्हा भांडण होणार.

कामगारसभा

होऊ दे. आज ते भांडण होतच नाही, कारण समितीच नाही. कायद्यात २२ खासदारांची संसदीय समिती आहे, लोकांच्या तक्रारी ऐकायला प्रसारण परिषद आहे. इथे कुणी ती परिषद भरलेली पाहिली असेल तर हात वर करा.

टिळकरोड

मी अजूनही 'बंद करा' वर ठाम आहे, पण एक नोंद. प्रसारणाच्या लहरी (एअरवेव्हज) ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ला दिला, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात. लिहिणारे न्या. पी. बी. सावंत, आपले मराठी. त्यांनी खाजगी मालकांच्या हाती सगळं सोपवा असंही म्हटलं नव्हतं. सार्वजनिक प्राधिकरण हवं, सरकारपासून स्वतंत्र. तीस वर्षं झाली. पुढे ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आणि प्रसार भारतीचं मंडळ निवडणाऱ्या तिघांच्या समितीत प्रेस कौन्सिलचा अध्यक्ष असतो. उरलेले दोघे म्हणजे राज्यसभेचे सभापती आणि राष्ट्रपतींनी नेमलेला एक जण. तेव्हा कागद वाईट नाही. पण दरवर्षी अनुदानासाठी मंत्रालयाच्या दारात उभं राहायचं असेल तर कागद काय करणार?

लेस्टरवाली

टिळकरोड, 'बंद करा' म्हणणारा माणूस एवढं वाचून येतो? :)

पैशाचं म्हणाल तर लायसन्स फीसुद्धा रामबाण नाही. ती किती असावी हे इथलं सरकारच ठरवतं आणि बीबीसीची सनद २०२७च्या अखेरीला संपतेय, म्हणजे आत्ता बीबीसीवाले किती मोकळेपणी बोलत असतील ते ओळखा.

रानजाई

आणि आपल्याकडे दूरदर्शनच्या फ्री डिशवरच्या जागा लिलावाने खाजगी वाहिन्यांना विकल्या जातात. चार कोटींहून अधिक घरं. म्हणजे ज्या घराला केबल परवडत नाही त्या घरात आरडाओरडा करणाऱ्या वृत्तवाहिन्या पोचवून सार्वजनिक सेवा आपलं उत्पन्न काढते. यावर हसावं की काय ते कळत नाही.

नवशिका

वाचतोय सगळं. पण मला बातमीबद्दल तक्रार करायची असेल तर करू कुठे?

कामगारसभा

केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल आहे. तक्रार फिरून त्याच मंत्रालयाकडे जाते. त्यापेक्षा माहिती अधिकार वापर. प्रसार भारतीला तो लागू आहे, दहा रुपयांत काम होतं. मात्र 'तुम्ही पक्षपाती का' असं विचारू नकोस, त्याला उत्तर नसतं. कागदावर असलेलं मागायचं.

मध्यमलहरी

मी करतो अर्ज. मसुदा असा: (१) मागच्या सहा महिन्यांतल्या प्रादेशिक बातमीपत्रांच्या संहिता. (२) नैमित्तिक वृत्तनिवेदक आणि संपादकांची प्रवर्गनिहाय आणि जिल्हानिहाय संख्या, नावं नकोत. (३) महाराष्ट्रातल्या केंद्रांवर ज्या बोलींत कार्यक्रम होतात त्यांची यादी आणि त्यांतल्या कुठल्या बोलींत बातम्या आहेत. (४) थेट प्रक्षेपणासाठी कार्यक्रम निवडायचे लेखी निकष. संहिता मिळाल्या तर वाटून घेऊन वाचू. पहिली बातमी कुणाची, बोलणारा मंत्री की बाकी कुणी, जिल्हा कुठला, एवढंच नोंदवायचं.

भालदार

संहिता वाचायला मीही आहे. नोंदी दोघांनी स्वतंत्र करायच्या आणि मग ताडून बघायच्या. एकाच्याच हातात नकोत.

निळाई

मान्य. दुसरी मी.

वऱ्हाडी_ठेचा

चौथ्या मुद्द्यात 'कुठल्या वाहिनीवर' हे पण टाका, नाहीतर सह्याद्रीचा कागद देऊन मोकळे होतील. अन् तिसऱ्यात 'बातम्या' म्हणजे लोकगीताच्या मधे वाचलेली सरकारी योजनेची सूचना नाही, हे स्पष्ट लिहा.

रानजाई

अर्ज मराठीतच टाका, तो हक्क आहे. उत्तर कुठल्या भाषेत येतं तेही कळेल.